२१ भागिले १२ बरोबर १: सोसायटी-बिलांच्या एका प्रणालीचं पायथन २.७ वरून ३.११ वर जाणं

एका कागदावर १,५६३ रुपये, दुसऱ्यावर १,५६२. सदनिका तीच, महिना तोच. देखभाल, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, पार्किंग या सगळ्या ओळी पैशापर्यंत जुळतात, फक्त तळाची ‘एकूण देय’ रुपयाने घसरलेली. पहिलं बिल आमच्या जुन्या प्रणालीने काढलेलं, दुसरं नव्या. मधे बदललं होतं ते एवढंच, की प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय तिची, म्हणजे पायथनची, आवृत्ती.

रुपयाचं काय एवढं, असं ज्याला वाटेल त्याने मुंबईतल्या एखाद्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला बसून बघावं.

आमचं ऑफिस दादर पश्चिमेला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. मुंबई-ठाण्यातल्या सहाशेच्या वर गृहनिर्माण सोसायट्यांची बिलं आम्ही काढतो. सदनिका मोजल्या तर चाळीस हजारांच्या घरात. महिन्याच्या शेवटच्या रात्री सर्व्हर कामाला लागतो आणि एक तारखेला सकाळी सेक्रेटरींच्या फोनवर पीडीएफ पडतात. वरवर बघता हे काम म्हणजे बेरीज-वजाबाकी. आत शिरलं की कळतं: सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, घर भाड्याने दिलं असेल तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क, थकबाकीवर सरळव्याज आणि तेही आमच्या वापरातल्या आदर्श उपविधींप्रमाणे वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के. त्याच्यावर प्रत्येक सोसायटीचे आपापले ठराव. लिफ्टचा खर्च तळमजल्याने द्यायचा की नाही, याचे आमच्या प्रोग्राममध्ये सात वेगवेगळे पर्याय आहेत आणि सातही कोणीतरी भांडून मिळवलेले आहेत.

हा प्रोग्राम २०११ साली सुरू झाला, पायथन २.७ वर. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्येच आलेली होती, पण आम्हाला लागणाऱ्या निम्म्या लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार कोड) तिच्यावर चालत नव्हत्या. त्यामुळे तेव्हा २.७ घेतली हे बरोबरच केलं. चूक झाली ती नंतर, दरवर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत राहिलो ती. १ जानेवारी २०२० ला २.७ चा आधार संपला, एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली आणि विषय मिटला. २०२१ च्या सुरुवातीला पिपनेही, म्हणजे लायब्ररी बसवणाऱ्या साधनानेही, २.७ ला रामराम ठोकला. आम्ही आपले बिलं काढत होतो.

२०२३ च्या जूनमध्ये एका मोठ्या गृहसंकुलाच्या ऑडिटरने मेल पाठवला. एकच ओळ: आपण वापरत असलेल्या आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्त्या कोण पुरवतं? खरं उत्तर ‘कोणीही नाही’ असं होतं. ते संकुल आमचं सर्वात मोठं गिऱ्हाईक होतं, त्यामुळे त्या एका ओळीने तीन वर्षांत जे झालं नव्हतं ते आठवड्यात झालं. काम मंजूर, मुदत डिसेंबरअखेर, माणसं अडीच. त्यातला अर्धा मी, कारण उरलेला अर्धा मी फोनवर असतो.

वेग, ज्याची सगळ्यांना हौस होती

मालकांना हे काम पटवताना मी वेगाचं गाजर दाखवलं होतं, हे आधीच कबूल करतो. ऑक्टोबर २०२२ ला आलेली ३.११ ही आवृत्ती ३.१० पेक्षा सरासरी १.२५ पट वेगवान, असं पायथनवाल्यांचंच मोजमाप होतं. त्यामागची युक्ती झकास आहे. प्रोग्राम चालू असताना इंटरप्रिटर (कोड वाचून तो चालवणारा पायथनचा भाग) लक्ष ठेवतो, की अमुक ओळीवर सारखे एकाच प्रकारचे आकडे येताहेत का. येत असतील तर त्या ओळीपुरती सर्वसाधारण सूचना काढून खास त्या प्रकारची झटपट सूचना बसवतो. अंदाज चुकला तर मुकाट्याने जुन्यावर येतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाला बघितल्याबरोबर कटिंग पुढे करणाऱ्या टपरीवाल्यासारखं. ३.१२ ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे आमचं काम अर्ध्यावर असताना आली. पण तिच्यातून ‘डिस्टयुटिल्स’ हे लायब्ररी बसवायचं जुनं साधन काढून टाकलेलं होतं आणि आमच्या दोन जुन्या लायब्ररींचं त्यावाचून पान हलत नव्हतं. ३.११ वरच थांबलो.

कोड सरळ भाषांतरित करून पहिल्यांदा पूर्ण बिलफेरी चालवली. जुन्या प्रणालीला अडीच तास लागायचे. नवीला दोन तास बेचाळीस मिनिटं लागली.

मालक काही बोलले नाहीत. नुसतं घड्याळाकडे बघितलं.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, एका बिलाचा वेळ कुठे जातो ते मोजलं. जुन्या प्रणालीत सरासरी एका बिलाला ०.९ सेकंद, एका वेळी चार बिलं. त्या ०.९ मधले ०.४ सेकंद पायथन उठून सगळ्या लायब्ररी गोळा करण्यात जात होते, कारण प्रत्येक बिलासाठी आम्ही वेगळी प्रोसेस सुरू करायचो, म्हणजे प्रोग्राम दर वेळी नव्याने उठवायचो. सुमारे ०.३३ पीडीएफ रंगवण्यात, ०.१ डेटाबेसची वाट बघण्यात. आणि प्रत्यक्ष हिशेब, म्हणजे आम्ही ज्याला ‘आपला प्रोग्राम’ म्हणतो तो, जेमतेम सहा-सात शतांश सेकंद. नव्या आवृत्तीने हिशेबाचा वेळ तिसऱ्या हिश्श्याने कमी केला होता, जाहिरात खोटी नव्हती. पण पायथन ३ उठायला २.७ पेक्षा जास्त वेळ घेते ही जुनी, सर्वांना ठाऊक असलेली तक्रार आहे, आणि आमच्या लायब्ररींसकट ते ०.४ चे ०.५ झाले होते. चाळीस हजार वेळा. विरार फास्ट पकडून पंधरा मिनिटं वाचवायची आणि स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत अर्धा तास उभं राहायचं, तसा प्रकार.

प्रत्येक बिलाला वेगळी प्रोसेस हा शहाणपणा कुणाचा? माझाच, २०१२ चा. तेव्हाची पीडीएफ लायब्ररी मेमरी खात सुटायची आणि तीसेक बिलांनंतर सर्व्हर गुदमरायचा. प्रोसेस मारली की मेमरी सुटते, म्हणून तो उपाय. नव्या लायब्ररीत तो दोष नव्हता. एका सोसायटीला एक प्रोसेस असं केलं आणि बिलफेरी एक तास वीस मिनिटांवर आली.

मालक खूश. मी त्यांना तेव्हाच सांगितलं की हे श्रेय नव्या आवृत्तीचं नाही, आणि ते मी पुन्हा मोजून दाखवलं. जुन्या २.७ वरच, मेमरीवर डोळा ठेवून, सोसायटीला एक प्रोसेस या पद्धतीने चालवलं तर एक तास तेवीस मिनिटं लागत होती. म्हणजे भाषेची आवृत्ती बदलून वेळेत निव्वळ कमाई तीन मिनिटं. बाकीचा तासभर आम्ही अकरा वर्षं स्वतःच्या खिशातून घालवत होतो. अर्थात मेमरी न खाणारी ती लायब्ररी २.७ साठी निघालेलीच नव्हती, त्यामुळे प्रत्यक्षात तो तासही आम्हाला जुन्या घरात राहून सुखाने मिळाला नसता. श्रेयाची वाटणी कशी करायची ते ज्याने त्याने ठरवावं. मी तीन मिनिटं धरतो.

तो एक रुपया

आता सुरुवातीच्या बिलाकडे येतो. त्या सदनिकेची बेरीज १,५६२ रुपये ५० पैसे होती. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं, पण वाण्यापासून वॉचमनपर्यंत घेतो कोण? म्हणून सगळ्या सोसायट्या पूर्ण रुपयात बिल काढतात. पायथन २ चं राउंड, म्हणजे आकडा पूर्णांकात आणणारं फंक्शन, शाळेत शिकवतात तसं चालायचं, अर्धा असेल तर वर. पायथन ३ मध्ये नियम बदलला: बरोबर अर्धा असेल तर जवळच्या सम संख्येकडे. त्यामुळे १,५६२.५० चे १,५६२ होतात आणि १,५६३.५० चे १,५६४. नव्या पद्धतीत युक्तिवाद आहे. हजारो आकडे पूर्णांकात आणले की सगळे अर्धे वरच ढकलल्याने बेरीज फुगत जाते, सम संख्येच्या नियमाने ती फुगत नाही. आकडेशास्त्राच्या दृष्टीने नवी पद्धत सरस.

आमच्याकडे हिशेब तपासायला बँकेतून निवृत्त झालेले एक काका येतात. त्यांना हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. पण शेजारच्याला साडेबासष्टचे बासष्ट आणि याला साडेत्रेसष्टचे चौसष्ट, हे त्या दोघांना जिन्यात कोण समजावणार? तुम्ही येणार का?”

जुन्यासारखं गोल करणारं छोटं फंक्शन लिहिलं आणि सगळीकडे ते बसवलं. या ठिकाणी मला एक गोष्ट नीट कळली. ‘सुधारणा’ आणि ‘बदल’ यांतला फरक भाषा बनवणाऱ्याला दिसतो तिथे नसतो, बिल भरणाऱ्याला दिसतो तिथे असतो.

हा फरक सापडला तो समांतर चालवण्यामुळे. सप्टेंबर ते नोव्हेंबर, तीन महिने दोन्ही प्रणाली बरोबरीने चालवल्या. बिलं जायची जुनीच. नव्याची नुसती शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून बघायची. हिशेबाच्या धंद्यात हे कुणाला नवं नाही, हाती लिहिलेल्या वह्यांवरून संगणकावर येतानाही लोकांनी तेच केलं होतं. नियम एकच ठेवला: नव्या प्रणालीने जुनीचं बिल पैशापर्यंत जसंच्या तसं काढलं पाहिजे. चूक असेल तर चुकीसकट.

या शेवटच्या चार शब्दांवरून ऑफिसात बरंच वाजलं. कारण व्याज.

२१ भागिले १२

पहिल्याच समांतर फेरीत अकरा सोसायट्यांचं थकबाकीवरचं व्याज जुळेना. नव्या प्रणालीत ते सरसकट जास्त येत होतं, आणि थोडंथोडकं नाही. दहा हजारांच्या थकबाकीवर जुनी प्रणाली महिन्याला १०० रुपये लावत होती, नवी १७५.

आमच्यातली सर्वात धाकटी प्रोग्रामर या मागे लागली. दोन तास तिने नव्या कोडमध्ये चूक शोधली, मग जुन्यात शोधायला लागली. ओळ साधी होती: वार्षिक दर भागिले बारा. पायथन २ मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच यायचा, दशांशाचा भाग गुपचूप गळून पडायचा. २१ भागिले १२ म्हणजे १.७५, त्यातला पाऊण गेला, उरला १. एकवीस टक्के ठराव केलेली सोसायटी वर्षाला बारा टक्के व्याज लावत होती. पायथन ३ मध्ये तोच भागाकार खरं उत्तर देतो.

मग सहाशे सोसायट्यांत फक्त अकराच का? स्क्रीनवरून दर भरला की तो दशांश संख्या म्हणून साठवला जायचा, २१.०, आणि दशांश आला की २.७ सुद्धा नीट भागाकार करायची. या अकरा सोसायट्या २०१३ च्या सुमारास एका एक्सेल फाइलवरून एकगठ्ठा आणलेल्या होत्या आणि त्यांचा दर पूर्णांक म्हणून बसला होता. आणि आमच्या चाचण्यांत हे दहा वर्षांत एकदाही का दिसलं नाही? कारण चाचणीच्या नमुना सोसायटीचा व्याजदर मी १२ ठेवला होता. १२ भागिले १२ म्हणजे १, पूर्णांकात काय नि दशांशात काय! हिशेबाला सोपा पडतो म्हणून घेतलेला आकडा.

“सर, मग हे आत्ताच दुरुस्त करून टाकते,” ती म्हणाली.

“नाही. आत्ता नव्या कोडने पण १०० रुपयेच काढायचे.”

“चूक दिसतेय, तरी ती परत लिहायची?”

हो, परत लिहायची. तिला ते पटलं नव्हतं आणि मला वाटतं अजूनही पुरतं पटलेलं नाही. माझं म्हणणं असं: ताडून बघताना फरकांची जी यादी निघते तिच्यातल्या प्रत्येक फरकाचं कारण एकच असायला हवं, ‘आवृत्ती बदलताना आपण काहीतरी बिघडवलं’. त्याच यादीत आपण केलेल्या दुरुस्त्याही मिसळल्या की हजारभर ओळी होतात, त्या सगळ्या ‘अपेक्षित’ म्हणून खूण करून पुढे जायची सवय लागते, आणि खरा बिघाड त्याच गर्दीत दडून जातो. तिचं म्हणणं, माहीत असलेली चूक जाणूनबुजून लिहिणं म्हणजे खोटं बिल काढणं, आणि ते आणखी तीन महिने का काढायचे? दोन्ही बाजूंना वजन आहे. शेवटी मी हट्टाने माझंच चालवलं, पण तिच्या म्हणण्यापुढे एवढं मान्य केलं की त्या अकरा सोसायट्यांना थांबायला लावायचं नाही, आजच कळवायचं. कोडमध्ये ‘जुना भागाकार’ नावाचं फंक्शन आलं, आणि त्याच्या डोक्यावर तिने टीप लिहिली: ‘इथे चूक आहे. माहीत आहे. सरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.’

फोन मी केले. दहिसरच्या एका सोसायटीचे खजिनदार, सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ, पहिले सापडले.

“काका, थकबाकीवर व्याज किती लावायचा ठराव आहे आपल्याकडे?”

“एकवीस टक्के. सभेत मंजूर आहे. का हो?”

“एक जुनं बिल काढून बघता का? थकबाकी आणि व्याज, दोन्ही आकडे सांगा.”

कागदांची खुडबूड ऐकू आली. मग बराच वेळ काही नाही. मग पलीकडून, जरा हळू आवाजात: “हे शंभर कसे? एकशे पंचाहत्तर हवेत ना?” मी कारण सांगितलं. तोफेचा गोळा येईल म्हणून फोन कानापासून थोडा लांब धरला होता. ते एवढंच म्हणाले, “म्हणजे दहा वर्षं आम्ही थकबाकीदारांचे लाड केले. आणि त्यातला एक तर मागचा चेअरमन होता.”

त्या सोसायटीने जुन्याचं नाव काढायचं नाही असं ठरवलं आणि जानेवारीपासून ठरावाप्रमाणे व्याज सुरू केलं. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी तेच केलं. एका ठिकाणी मात्र समितीने आमच्याकडून लेखी खुलासा घेतला आणि पुढच्या वर्षी कंत्राट दुसऱ्याला दिलं. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

नावं

खर्च सगळ्यात जास्त कशावर झाला, असं कुणी विचारलं तर उत्तर मराठीवर. जुन्या सोसायट्यांच्या सभासदांची नावं श्रीलिपीसारख्या, युनिकोड हा सगळ्या लिप्यांचा सामायिक संकेत रुळण्याआधीच्या फॉण्टांच्या सांकेतिक रूपात साठवलेली होती. त्या रूपात ‘क’ हे अक्षर नसतंच, असतो एक बाइट, म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा, ज्याच्या जागी त्या फॉण्टात ‘क’ चं चित्र आहे. पायथन २ ला मजकूर आणि बाइट यांतला फरक फारसा पडलेला नव्हता. आत आलेले बाइट बाहेर सोडायची, पीडीएफवर तो फॉण्ट लावला की नाव दिसायचं. पायथन ३ दारातच अडवते: हा मजकूर कुठल्या संकेतात आहे ते सांगा, नाहीतर त्रुटी घ्या. पायथन ३ वर सर्वात जास्त बोटं मोडली गेली ती याच अडवणुकीवरून. इंग्रजीत काम करणाऱ्यांना ती कटकट वाटली, आम्हाला मात्र ती तीस वर्षं कुणीतरी विचारायला हवा होता असा प्रश्न वाटली.

पहिला प्रयत्न फसला. कुणीतरी (नाव सांगत नाही, पण तो मी नव्हे) ‘न कळणारी अक्षरं सोडून द्या’ असा पर्याय टाकला. त्रुटी थांबल्या. चाचणीच्या बिलांवर मात्र निम्मी आडनावं कोरी. मग तात्पुरता उपाय म्हणून सगळं लॅटिन-१ या जुन्या युरोपीय संकेतात आहे असं समजून वाचलं. त्या संकेतात ० ते २५५ पैकी प्रत्येक बाइटला एकेक अक्षर आहे, त्यामुळे काही गळत नाही. आत शिरलं तसं बाहेर पडतं. तेवढ्यावर समांतर फेऱ्या निभावल्या, आणि खरं रूपांतर मागून केलं.

त्या रूपांतरात मजा आहे. जुने फॉण्ट कागदावर दिसतं त्या क्रमाने साठवतात. ‘शिर्के’ घ्या. ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला आधी दिसते म्हणून ती आधी, मग श, मग क, मात्रा, आणि रफार सगळ्यात शेवटी, कारण तो वर डोक्यावर मागून चढवतात. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे: श, वेलांटी, र, हलन्त, क, मात्रा. म्हणजे वेलांटी उचलून श च्या मागे न्यायची आणि रफार उचलून क च्या पुढ्यात आणायचा, आणि मधे जोडाक्षर असेल तर ते अख्खं ओलांडून. नियम लिहिले, तरी प्रत्येक सोसायटीची यादी माणसाने वाचलीच. पावसाळ्याच्या शेवटाला कॉलेजची दोन मुलं दीड महिना हेच करत होती.

एवढं करूनही ‘कुऱ्हाडे’ सापडेनात. सेक्रेटरी शोधायच्या खिडकीत आडनाव लिहायचे, प्रोग्राम म्हणायचा असं कुणी नाही, आणि खाली यादीत ते नाव डोळ्यांसमोर. कारण मराठीतला हा अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक तर मुळातच नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही हुबेहूब. आमचं रूपांतर एक वापरत होतं, लोकांच्या फोनचा कीबोर्ड दुसरं. युनिकोडचं ठरलेलं सामान्यीकरणही या दोघांना एक करत नाही. ते आम्ही साठवतानाच एका रूपात आणायला लागलो. गोऱ्हे, कऱ्हाडकर, बऱ्हाणपूरकर, सगळे परत आले.

जे सोडावं लागलं

काही सोसायट्यांच्या ऑफिसात आमचं एक छोटं नोंदीचं साधन चालतं, इंटरनेट नसलं तरी पावत्या नोंदवता याव्यात म्हणून. ते कुठल्या संगणकांवर? लोखंडी कपाटाशेजारच्या विंडोज ७ वर. पायथनची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८, ३.९ पासून दार बंद. म्हणजे एक तर त्या सोसायट्यांना नवे संगणक घ्यायला सांगा (त्यासाठी निविदा, तीन कोटेशनं, सभा), नाहीतर दोन आवृत्त्या सांभाळा. आम्ही दुसरं केलं. परिणाम असा, की सर्व्हरवर ३.११ असूनही दोन्हीकडे वापरला जाणारा कोड ३.८ ला कळेल अशाच भाषेत लिहावा लागतो. ३.१० मध्ये आलेली ‘मॅच’ ही सोयीची रचना तिथे वापरता येत नाही. नवीन घरात राहायला आलो, पण एका खोलीला अजून जुनंच कुलूप.

पाच महिने नवीन काहीही बनलं नाही. बिलावर यूपीआयचा क्यूआर छापायची मागणी तशीच पडून राहिली, आणि त्या कारणाने दोन सोसायट्या गेल्या. हा खर्च सुरुवातीच्या अंदाजात मी धरलाच नव्हता.

दुसऱ्या बाजूला, डेसिमल हे पायथनमधलं दशांश हिशेबाचं साधन. पैशाचा हिशेब दशांश पद्धतीने करायचा, द्विमान (शून्य-एकच्या) अपूर्णांकात नाही, हे आम्हाला २०१२ मध्येही माहीत होतं. पण २.७ मधलं डेसिमल शुद्ध पायथनमध्ये लिहिलेलं, भयंकर संथ, म्हणून तेव्हा नाद सोडला. ३.३ मध्ये ते सी भाषेत नव्याने आलं, आणि ते दहा पटींपासून शंभर पटींपर्यंत वेगवान झाल्याची नोंद त्या आवृत्तीच्या माहितीपत्रातच आहे. आमच्या बिलफेरीत ते आणल्याने दीडेक मिनिट वाढलं. वर जी तीन मिनिटांची कमाई सांगितली ती हे दीड मिनिट धरायच्या आधीची. फरक काय पडतो? चौरस फुटाला १ रुपया १५ पैसे दर आणि ६५० चौरस फुटांची सदनिका. कागदावर ७४७.५०. संगणकाच्या द्विमान पद्धतीत १.१५ नेमका मावतच नाही, किंचित कमी बसतो, आणि गुणाकार ७४७.४९९९९९९९९९९९९ येतो. गोल केला की ७४७. डेसिमलने ७४८. ही दुरुस्तीही आम्ही समांतर फेऱ्या संपल्यावर, एप्रिलच्या नव्या दरांबरोबर, सोसायट्यांना कळवून केली.

जानेवारी २०२४ च्या एक तारखेला नव्या प्रणालीची पहिली खरी बिलं गेली. आकडे सगळे बरोबर. नऊ वाजल्यापासून फोन सुरू: “बिलाचा फॉरमॅट का बदलला?” आम्ही काही बदललं नव्हतं. मग लक्षात आलं. बिलातल्या ओळी डिक्शनरीतून, म्हणजे नाव आणि रक्कम अशा जोड्या ठेवणाऱ्या पायथनच्या रचनेतून, यायच्या. पायथन २ मध्ये तिचा क्रम आतल्या हिशेबाने लागायचा, आपल्याला अर्थ न लागणारा पण दर वेळी तोच. पायथन ३.७ पासून ज्या क्रमाने भरलं तोच क्रम राहतो. त्यामुळे वर्षानुवर्षं पहिल्या ओळीत असलेली पाणीपट्टी सहाव्या ओळीत गेली होती. समांतर फेऱ्यांत आम्ही ओळींचे आकडे ताडले, ओळींचा क्रम नाही. मुलुंडच्या एका मॅडमनी सुनावलं, “अहो, आमच्याकडचे वयस्कर लोक वाचत नाहीत, ओळींच्या ठरलेल्या जागा बघतात आणि चेक लिहितात.” संध्याकाळपर्यंत जुना क्रम यादी करून, हाताने, पक्का लिहून ठेवला.

जुनं यंत्र टाकून दिलेलं नाही. ऑफिसच्या कोपऱ्यात, इंटरनेटची वायर काढून, झेरॉक्स मशीनशेजारी ते उभं आहे. कुणी २०१९ च्या बिलाची प्रत मागितली, कधी वकील मागतात, कधी घर विकताना लागते, तर ती तेव्हा जशी दिली होती तशीच द्यावी लागते. त्यासाठी धाकटी तिथे जाऊन बसते, पेनड्राइव्ह लावते. ६५० चौरस फुटांना ते अजून ७४७ रुपयेच लावतं.